दोन ठोके

व्हॅनच्या त्या एका बोल्टने सकाळपासून गॅरेजमध्ये सगळ्यांच्या नाकी नऊ आणले होते. क्रँकशाफ्टच्या पुलीला मधोमध घट्ट धरून बसला होता आणि हलायचं नाव घेत नव्हता. त्याला तेल पाजून झालं, ज्योत लावून झाली. मग पान्याच्या दांड्यावर लांब पाइप चढवून धाकटा ढब्बू सगळ्या वजनानिशी लोंबकळला. ढब्बूचं वजन हा घरातल्या थट्टेचा कायमचा विषय, पण बोल्टने त्याचीही पत्रास ठेवली नाही.

"ताई, आता स्टार्टरच," घाम पुसत ढब्बू म्हणाला. "बस किल्लीवर."

ही वेळ येणार हे थोरलीला तासाभरापूर्वीच कळलं होतं.

युक्ती जुनीच होती. बोल्टच्या डोक्यावर गोटी, म्हणजे सॉकेट, बसवायची, तिच्या दांड्याचं टोक गाडीच्या चासीला टेकवायचं आणि किल्ली क्षणभर फिरवायची. डिझेल आधीच तोडलेलं, त्यामुळे इंजिन सुरू होत नाही, नुसता एक हिसका देतं. दांडा अडलेला असतो, म्हणून बोल्टला सुटावंच लागतं. पण त्या हिसक्याच्या वाटेत हात आला तर हाताचं काही खरं नाही. आणि किल्लीवर बसलेल्याला उघड्या बॉनेटपलीकडचं काहीच दिसत नाही. म्हणून बाबांनी नियम घालून दिला होता: हात बाहेर काढले की मडगार्डवर पान्याचे दोन ठोके द्यायचे, आणि ते ऐकल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही.

चार वर्षांपूर्वी किल्लीवर थोरलीच होती. बाबांची दोन बोटं गेली. "ठोके मी दिलेच नव्हते," बाबा दवाखान्यात सगळ्यांसमोर म्हणाले. तिला तर ते ऐकू आले होते, चांगले दोन. पण ज्याची बोटं गेली त्याच्याशी हुज्जत कोण घालणार? तिने ब्र काढला नाही. पुढे पुढे तिचा आपल्या कानांवरचा विश्वासच उडाला. दाराची कडी वाजली तरी ती आधी ढब्बूला विचारायची, वाजली का रे? तो हसायचा. तिला मात्र हसू यायचं नाही.

ती व्हॅनमध्ये चढली. बाबा बॉनेटच्या बाजूच्या कोपऱ्यात स्टुलावर बसले होते, नेहमीसारखे, डावा हात खिशात घालून. तिने किल्ली धरली.

ठक. ठक.

वाजले? वाजले की आपल्याच डोक्यात वाजले? फिरवायला हवी. ढब्बूचा हात जाड, गुबगुबीत, लहानपणी रस्ता ओलांडताना तिनेच धरलेला. तिचं मनगट वळेचना.

"हात काढ!"

बाबा ओरडले होते. स्टूल उलटं पडलं. "ढब्बू, हात काढ आधी! ताई, किल्ली सोड!"

थोरलीने किल्ली उपटून काढली आणि खाली उडी मारली. ढब्बू पांढराफटक पडला होता. "गोटी कलली होती," तो चाचरत म्हणाला. "म्हटलं, ताई अजून फिरवत नाहीये, तर जरा दाबून…"

"मीही असाच हात घातला होता!" बाबा म्हणाले. "कलली म्हणून. ठोके दिल्यावर!"

मग त्यांना कळलं आपण काय बोललो ते.

"म्हणजे ठोके वाजले होते," थोरली म्हणाली.

"दोन्ही."

"मग तुम्ही…"

"उस्ताद म्हणतात मला, पोरी. आपलाच नियम मोडून हात घालणारा कसला उस्ताद? तेव्हा तोंडातून गेलं ते गेलं. मग तो शब्द फिरवता येईना."

तिला रडू येईल असं वाटलं होतं. आला तो संताप, आणि तोही असा की कान तापले. चार वर्षं ती स्वतःला बापाची बोटं तोडणारी समजत होती आणि हा माणूस रोज समोर बसून जेवत होता.

"बसा किल्लीवर," ती म्हणाली.

"माझ्याच्याने नाही व्हायचं गं."

"बसा म्हणते ना."

ते चढले. तिने ढब्बूला दाराबाहेर काढलं. गोटी सरळ केली, ती पुन्हा कलू नये म्हणून दांड्याखाली लाकडाचा ठोकळा सारला, टोक चासीला टेकवलं. हात बाहेर. पाना उचलून तिने दोन ठोके दिले.

काहीच झालं नाही.

"बाहेर आहेस ना गं?" आतून बाबांचा आवाज आला, एखाद्या म्हाताऱ्या माणसासारखा.

"ठोके ऐकू आले?"

"आले. पण हात…"

"ऐकू आले ना, बाबा?"

"आले."

"मग फिरवा."

मग स्टार्टर गुरगुरला, कडाड आवाज झाला आणि दांडा सुटून जमिनीवर आदळला.

"सुटला!" ढब्बू दारातूनच ओरडला. "ताई, सुटला!"

बाबांचं तिकडे लक्षच नव्हतं. "पोरी, हात दाखव," ते म्हणत होते. "दोन्ही दाखव."

थोरली बॉनेटच्या आड उभी होती. तिचे दोन्ही हात धड होते, तेलाने काळे झालेले. बाबांच्या बाजूची खिडकी दोन पावलांवर होती.

"पोरी!" बाबांचा आवाज फाटला. "बोल ना गं!"

हात दाखवायला ती लगेच पुढे झाली नाही.