कोकमतेलाचा इलाज

मी सायक्लोस्टाइल मशीन बोलतोय. पडवीत भाताच्या कणगीशेजारी, गोणपाटाखाली पडलोय तोच मी. वर कोंबडी बसलीय, तिच्याकडे लक्ष देऊ नका, ती रोजच बसते. माझ्या मालकानं चार माणसांत मला 'दगाबाज' म्हटलं. मला! दगा कुणी कुणाला दिला ते आज सांगूनच टाकतो, मग तुम्हीच काय ते ठरवा.

जन्म माझा कलकत्त्याच्या कारखान्यातला, पण उमेदीची वर्षं गेली मुंबईत, फोर्टातल्या एका कचेरीत. काम साधं. मेणकागदावर टोकदार लेखणीनं लिहायचं, त्याला म्हणतात स्टेन्सिल. ती माझ्या ड्रमवर चढवायची, आत शाई घालायची आणि हँडल फिरवायचं. रबरी रोलर एकेक कागद आत ओढतो आणि छापून बाहेर टाकतो. वीज लागत नाही की काही नाही. ड्रमवर जे लिहिलं असेल तेच कागदावर उतरतं, त्यात मी माझ्या पदरचं काही घालत नाही आणि कुणाचं काही खातही नाही.

मग कचेरीत झेरॉक्सचं यंत्र आलं. साहेब म्हणाले, "ह्याला हलवा इथून." इतकी वर्षं राबलो, पण निरोपाचा शब्द नाही. तिथं गंगाराम कारकून होता. तो गावाकडच्या शाळेत नोकरी धरून मुंबई सोडत होता. त्यानं मला मागून घेतलं, एस्टीच्या टपावर बांधलं आणि वेळणेश्वरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या आपल्या वाडीत आणलं. दारात उतरवताना बायकोला म्हणाला, "प्रेमला, हे आपल्या घरातलं माणूस समज." मी भोळा, विश्वास ठेवला.

दिवस बरे गेले, खोटं कशाला बोलू? शाळेचे चाचणीचे पेपर, वाडीच्या सभेची पत्रकं, सगळं मी छापायचो. हँडल मात्र फिरवायची प्रेमला. गंगाराम बाजूला उभा राहून 'हळू, हळू' म्हणायचा. काम झालं की लोकांना सांगायचा, "रात्रंदिवस खपलो बघा." ती फडक्यानं माझी शाई पुसायची.

ही प्रेमला गाणी रचायची. लावणीच्या वेळी चिखलात वाकून, चुलीपुढं भाकरी थापत, कुठंही. वाडीतल्या बायका ती म्हणायच्या, पण कुणाची म्हणून कोण विचारतो? आली तोंडात, म्हटली. यंदा तिनं मनावर घेतलं. वैशाखात बुद्धपौर्णिमेला मुंबईचे चाकरमानी गावी येतात, विहारात मोठा कार्यक्रम होतो. तेव्हा आपल्या गाण्यांची पुस्तिका प्रत्येकाच्या हातात द्यायची आणि खाली आपलं नाव असायचं, एवढीच त्या बाईची हौस होती. आयुष्यात पहिल्यांदा तिनं स्वतःसाठी काही मागितलं होतं. दुपारच्या दुपार बसून तिनं स्टेन्सिली लिहिल्या, एकेक अक्षर टोचून. शेवटच्या स्टेन्सिलवर बारीक अक्षरात लिहिलं, 'रचना : प्रेमला गंगाराम'.

आणि नेमका तेव्हाच मी अडलो. माझा रोलर म्हातारा झाला होता, रबराला भेगा पडल्या होत्या. कधी दोन कागद एकदम ओढायचा, कधी एकही नाही. दुखणं साधं होतं. प्रेमला म्हणाली, "अहो, चिपळूणहून मेकॅनिकला बोलवा. नाहीतर रोलर तरी नवा आणा."

"मेकॅनिक कशाला? मुंबईत ह्याच्याशीच संसार केलाय मी," गंगाराम म्हणाला. केला होता, हे खरं. पण कचेरीत मी बिघडलो की तो चहा प्यायला जायचा आणि मेकॅनिक मला उघडायचा, हे त्यानं सांगितलं नाही.

त्यानं रोलर बाहेर काढला, उजेडात धरला, त्याच्या भेगांवरून बोट फिरवलं. मग स्वतःच्या टाचांकडे बघितलं. आणि उठून फळीवरून काय काढलं असेल? कोकमतेलाचा गोळा! कोकणात टाचेला भेग पडली की तो गोळा निखाऱ्यावर पातळ करून भेगेत भरतात. टाच दोन दिवसांत मऊ पडते, नाही असं नाही. पण मी काय अनवाणी भात लावायला गेलो होतो?

"अहो, त्याला तेल कसं चालेल? कागद धरायचा तर खरखरीत नको का?" प्रेमलानं विचारलं.

"तू गप. भेग ती भेग. माणसाची काय नि रबराची काय!"

चांगलं चोळून चोळून भरलं त्यानं. मग मला पुन्हा जोडलं, तर दोन स्क्रू उरले. म्हणाला, "कंपनीनं जास्तीचेच दिले असणार." ते खिशात टाकून त्यानं प्रेमलाची पहिली स्टेन्सिल चढवली.

कागद गुळगुळीत रोलरवर घसरायला लागला. जो आत गेला तो तेलकट डाग घेऊन बाहेर आला, त्यावर शाई धरेना. गंगारामला घाम फुटला. मी अंगातला सगळा जीव एकवटून अडून राहिलो, म्हटलं, बाबा, आता तरी थांब. त्यानं हँडलला दोन्ही हातांनी हिसडा दिला. उरलेल्या स्क्रूंच्या जागी मी ढिला होतोच, ड्रम तिरका झाला आणि स्टेन्सिल टरकन फाटली. थांबला का? छे! दुसरी चढवली, तीही फाडली. प्रेमलानं बाकीच्या त्याच्या हातातून ओढून घेतल्या, पण तेलाच्या बोटांनी त्यांचं मेण केव्हाच विरघळलं होतं.

ती खाली बसली. रडली नाही. फाटलेले तुकडे मांडीवर घेऊन नुसती बघत राहिली. मला वाटलं, आता हा म्हणेल, चूक माझी. तर शेजारचा भिकू आणि दोघंतिघं आवाज ऐकून दारात आलेले, त्यांच्यापुढं हा म्हणतो, "दगाबाज मशीन! ऐन वेळेला घात केलान!" आणि मला एक लाथ.

लाथ सोसली मी. पुढं जे झालं ते मात्र अजून सोसवत नाही.

पौर्णिमा तोंडावर आली होती. गंगाराम प्रेमलाची गाण्यांची वही घेऊन चिपळूणला प्रेसमध्ये गेला आणि पुस्तिका छापून आणल्या. पिवळं कव्हर, ठसठशीत अक्षरं. प्रेमलानं हात पुसून एक उचलली. कव्हरावर छापलं होतं, 'रचना : गंगाराम'.

"अहो, हे काय?"

"प्रेसवाल्यानं विचारलं, कवी कोण? मी माझं नाव सांगितलं. तिथं बायकोचं काय सांगत बसू? आणि घर तर एकच ना आपलं?"

पौर्णिमेला विहारात माइकवरून गंगारामचं नाव घेतलं गेलं, गळ्यात हार पडला. तो हार घालूनच घरी आला. मागोमाग बायका पडवीत आल्या. "प्रेमले, तुझ्या घोवान काय गाणी केलीन गो!" सगुणाकाकी म्हणाली. मी गोणपाटाखाली कान टवकारले. आता ही बोलेल, म्हटलं. प्रेमला म्हणाली, "होय." बस, एवढंच! अगं बाई, तुझ्यासाठी मी लाथ खाल्ली, आणि तू 'होय' म्हणतेस? खरं सांगतो, लाथेपेक्षा तो शब्द मला जास्त लागला.

चार दिवसांनी सगुणाकाकी पुन्हा आली. तिच्या लेकीचं लग्न ठरलं होतं. "गंगाराम, माझ्या कमलसाठी एक गाणं कर रे बाबा. आत्ताच कर, मी बसते."

गंगाराम हसला. मग खाकरला. "काकी, त्याला मन लागायला लागतं."

"मग लाव की मेल्या. एवढं पुस्तक केलंस, चार ओळी जड झाल्या?"

त्यानं छपराकडे बघितलं, अंगणाकडे बघितलं, शेवटी तांदूळ निवडणाऱ्या प्रेमलाकडे बघितलं. हळूच म्हणाला, "प्रेमला, सुरुवात तेवढी सांग ना."

सुपातला खडा काढून तिनं अंगणात टाकला. "मी कशाला? भेगेत भरा की कोकमतेल! मशीन तुम्हीच दुरुस्त करता, गाणंही तुम्हीच जुळवा."

काकीनं एकदा त्याच्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. "अगो बाय माझे!" म्हणत तिनं तोंडाला पदर लावला आणि उठून गेली.

तेव्हापासून गंगाराम काकीला टाळत होता. काल तो पाना आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन माझ्यापाशी बसला. गोणपाट काढलं, कोंबडीला हुसकलं. म्हणाला, "प्रेमला, ह्याला नीट करतो मी. तुझ्या नावानं सगळी पुन्हा छापूया."

पुन्हा ह्याचेच हात?

"हात लावू नका त्याला!" प्रेमला आतून कडाडली. एवढ्या वर्षांत तिचा तो आवाज मी ऐकला नव्हता. ती बाहेर आली, त्याच्या हातातला पाना काढून घेतला. "त्याचं काही बिघडलेलं नव्हतं, एक रोलर जुना झाला होता. बिघडवलंत तुम्ही. विहारात माइकवरून हार घेतलात ना? त्याच माइकपुढं उभे राहून गाणी कुणाची ते सांगा. मेकॅनिकचं मग बघू."

लोकहो, तुम्हाला हात जोडून एवढंच सांगणं आहे. जे आपल्याला उमजत नाही ते उघडू नका. आणि उघडून मोडलंत तर मोडलं म्हणा, त्या मुक्या वस्तूवर ढकलू नका. मला नवा रोलर मिळेल की भंगारवाल्याचा काटा, ठाऊक नाही.

गंगारामनं सकाळी धुतलेला सदरा घातला, केस विंचरले आणि विहाराच्या वाटेला लागला. बांधापर्यंत गेला. तिथून परत आला. आता पायरीवर बसून चपलेचा अंगठा नीट करतोय.

चपलेला काहीही झालेलं नाही.