अवकाशानंद स्वामींचं अक्षय यंत्र

"लाल! अजून लालच आहे!" कुणीतरी ओरडलं आणि बसवनगुडीतलं ते तिसऱ्या मजल्यावरचं अख्खं ऑफिस एका टेबलाभोवती गोळा झालं. अकरा इंजिनिअर, मालक जयतीर्थ सर, कॉफी देणाऱ्या पुट्टम्मा, सगळे माना उंचावून उभे. कॉम्प्युटरच्या पडद्यावर डिस्कची पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत लालभडक भरलेली होती. मोकळी जागा शून्य. कीबोर्डवर लाल कापड, कापडाखाली स्वामी अवकाशानंदांचा चंदन माखलेला उजवा हात, आणि डाव्या हातात घंटा.

"डेटा म्हणजे काय?" स्वामींनी डोळे मिटूनच विचारलं.

जमलेले सगळे डेटावरच पोट भरणारे, पण उत्तरासाठी सगळ्यांनी स्वामींकडेच पाहिलं.

"डेटा म्हणजे कर्म! साठत जातं, साठत जातं. सी ड्राइव्ह म्हणजे मूलाधार चक्र. डी ड्राइव्ह म्हणजे अनाहत. मूलाधारात मळ साचला, तर शक्ती वर चढेल कशी? अपडेट येईल कसं?"

"अगदी खरंय, स्वामीजी," बोरेगौडा हात जोडून म्हणाला. ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरांची देखभाल त्याच्याकडे होती, आणि गेल्या महिन्यात अपडेट आलंच नव्हतं.

घंटा तीनदा वाजली. "अक्षयमस्तु!" स्वामी गरजले. आणि लाल पट्टी सर्रकन मागे सरकून निळी झाली. साडेआठशे जीबी जागा मोकळी! टाळ्यांचा कडकडाट झाला. दोघे पाया पडले. एकाने तर कॉम्प्युटरच्या पाया पडायचं म्हणून टेबलाच्या पायांना हात लावला.

हे गेले दोन महिने चाललं होतं. आयुधपूजेच्या दिवशी सगळ्या पडद्यांना हळदकुंकू लागलं, लिफ्टच्या दारात कोहळा फुटला, आणि त्याच मुहूर्तावर स्वामींनी प्रत्येक कॉम्प्युटरवर आपलं 'अक्षय यंत्र' बसवलं. पडद्याच्या कोपऱ्यात एक तांबूस चक्र गरगर फिरे आणि त्या कॉम्प्युटरतर्फे अखंड जप करी. नियम तीनच होते. यंत्र बंद करायचं नाही, त्याचं 'देवघर' नावाचं फोल्डर उघडायचं नाही, आणि जप किती झाला ते मोजायचं नाही, कारण मोजलेल्या जपाचं फळ जातं. यंत्र बसलं आणि डिस्का भराभर भरू लागल्या. दर नवव्या दिवशी स्वामी यायचे, दक्षिणा घ्यायचे आणि जागा करून द्यायचे. यंत्र नसतं तर काय अनर्थ झाला असता, या विचाराने जयतीर्थ सर शहारून जात.

नागवेणी मात्र मागे उभी राहून नखं चावत होती. तिचा कॉम्प्युटर नवव्या नाही, सहाव्याच दिवशी भरायचा, आणि आज तो भरून बसला होता. तिचं कामही वेगळं होतं. अंधशाळेतल्या मुलांना पुस्तकं वाचून दाखवणारा एक आवाज ती वर्षभर घडवत होती. कन्नड बोलणारा, आणि तोही यंत्रासारखा नव्हे तर आपल्या घरच्या माणसासारखा. त्यासाठी गदगजवळच्या एका खेड्यात जाऊन तिने सिद्दव्वा नावाच्या म्हातारीचं बोलणं दोनशे तास रेकॉर्ड केलं होतं. आवाज जवळपास तयार होता. शेवटची जुळणी करायला जागा हवी होती, आणि सोमवारी तो शाळेत द्यायचा होता.

"स्वामीजी, माझ्या कॉम्प्युटरचं तेवढं बघता का?" तिने विचारलं.

स्वामी तिच्या टेबलाशी आले, पडद्याचा वास घेतला, आणि दोन पावलं मागे सरले. "यात सर्वांत जड काय आहे, मगू, बाळा?"

"सिद्दव्वांची रेकॉर्डिंगं."

"ती बाई हयात आहे?"

"नाही. गेल्या महिन्यात वारल्या."

"तरीच!" स्वामींनी कपाळाला हात लावला. "मेलेल्या बाईचा आवाज डिस्कमध्ये कोंडून ठेवलाय तुम्ही. पितृदोष! हा कॉम्प्युटर नवव्याऐवजी सहाव्या दिवशी का भरतो, कळलं? ती बाई आत जागा मागतेय. शुक्रवारी अकरा वाजता या फोल्डरचं समर्पण करू. कायमचं. नाहीतर दोष शेजारच्या कॉम्प्युटरांत शिरेल."

शेजारच्या टेबलावरच्या मुलाने आपली खुर्ची हळूच लांब ओढली.

"सर, त्याची दुसरी कॉपी नाही!" नागवेणी जयतीर्थ सरांच्या मागे त्यांच्या खोलीत शिरली. "सर्व्हरवर होती, ती बोरेगौडाने जागा नाही म्हणून काढून टाकली. मी घरून वेगळी डिस्क आणली, तर तो जोडू देत नाही."

"जपाचं व्रत चालू असताना बाहेरचं काही जोडायचं नाही, असं स्वामीजींनी मला वेगळं सांगितलंय, मॅडम," दारातून बोरेगौडा म्हणाला. त्याचा चेहरा खरोखरच कळवळलेला होता. "मी मुद्दाम करतो का?"

"दुसऱ्या कुणाचा आवाज घे की," सर म्हणाले. "एवढ्या बायका आहेत कर्नाटकात."

नागवेणी जिन्यात जाऊन रडली. त्या म्हातारीने तिला ज्वारीची भाकरी करून वाढली होती, आणि भाकरी थापता थापता दोनशे तास बोलली होती. असा आवाज पुन्हा कुठून आणायचा? बरं, स्वामींचं खोटं म्हणावं, तर जागा रिकामी होताना तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. तीही इंजिनिअरच. पण त्या दोन महिन्यांत तिनेही देवघर उघडून पाहिलं नव्हतं.

शुक्रवारी दहा वाजता वीरभद्रप्पा मेष्ट्रू, म्हणजे मास्तर, आले. अंधशाळेत तीस वर्षं गणित शिकवणारे, स्वतः जन्मांध, आणि जिभेने तिखट. आवाज ऐकून पाहायला त्यांना आधीच बोलावलेलं होतं. नागवेणीने त्यांना खुर्ची दिली, दोघांत एक अशा बाय-टू कॉफीतला अर्धा पेला हातात दिला, आणि सगळं सांगून टाकलं.

"थांब थांब, अम्मा," मेष्ट्रू म्हणाले. "पितृदोष राहू दे बाजूला. डिस्क केवढी आहे?"

"हजार जीबी."

"आणि आत काय काय आहे? एकेक सांग."

"सिद्दव्वा तीनशे दहा. माझं काम नव्वद. कॉम्प्युटरची स्वतःची व्यवस्था चाळीस."

"चारशे चाळीस झाले. मोकळे किती?"

"शून्य."

"मग पाचशे साठ कुठे गेले?"

नागवेणीने यादी पुन्हा वरपासून खाली वाचली. मोजणी करणारा प्रोग्राम तर रोज हीच यादी दाखवत होता. बेरीज कुणी केलीच नव्हती.

"ते देवघर असेल," बोरेगौडा मागून म्हणाला. "ते यादीत येत नाही. स्वामीजींनी सांगितलं म्हणून मीच वगळलंय. जप मोजायचा नसतो, मेष्ट्रू."

"बरं, नाही मोजत," मेष्ट्रू गोड आवाजात म्हणाले. "मला मेल्याला दिसत तर नाहीच. नुसतं ऐकतो. जप ऐकायला तर बंदी नाही ना?"

बोरेगौडाने खूप आठवून पाहिलं. ऐकण्याबद्दल स्वामी काहीच बोलले नव्हते.

न उघडण्याचा नियम त्याला आठवेपर्यंत नागवेणीने देवघर उघडलंही. आत एकच फाईल होती, पाचशे साठ जीबीची. एवढी अवाढव्य फाईल एकदम उघडणं शक्य नव्हतं, म्हणून तिने कॉम्प्युटरला पहिल्या ओळीपासून वाचायला लावलं. वाचायला आवाज होता सिद्दव्वाचाच, आणि मेष्ट्रूंना नीट ऐकू यावं म्हणून ऑफिसातले मोठे स्पीकर जोडलेले होते.

"अक्षयमस्तु," सिद्दव्वा म्हणाली, ठसक्यात, गदगच्या हेलात. "अक्षयमस्तु. अक्षयमस्तु. अक्षयमस्तु."

"पुढे काय आहे?" मेष्ट्रूंनी विचारलं.

नागवेणीने फाईलच्या मधे उडी मारली. "अक्षयमस्तु." शेवटाकडे गेली. "अक्षयमस्तु. अक्षयमस्तु."

"अगं, हा जप लिहितोय!" मेष्ट्रूंनी मांडीवर थाप मारली आणि ते असे हसत सुटले की कॉफी धोतरावर सांडली. "बोलत नाही, लिहितोय! वहीत नाही, तुझ्या डिस्कवर! रात्रंदिवस! अय्यो देवरे, जागा खाणारा हाच, आणि जागा करून देणाराही हाच!"

नेमके त्याच क्षणी अकराचा मुहूर्त साधायला अवकाशानंद स्वामी दारात उभे राहिले. मागे दोन शिष्य, हातात घंटा, आणि समोर नागवेणीच्या कॉम्प्युटरातून मेलेल्या सिद्दव्वाचा खणखणीत आवाज त्यांचाच मंत्र म्हणत अंगावर आला.

स्वामींची पाचावर धारण बसली. "ती... ती बोलतेय!" घंटा हातातून सुटून गडगडत पुट्टम्मांच्या पायाशी गेली. पितृदोषावर तासभर बोलणारा माणूस शिष्याच्या मागे लपायला पाहत होता, आणि शिष्य आधीच जिन्यात पोचले होते.

"या, स्वामीजी, बसा," मेष्ट्रू म्हणाले. "बाई काही करणार नाही. तुमचंच लिहिलेलं वाचतेय."

तोवर नागवेणीची बोटं कीबोर्डवर धावत होती. अंगात वारं शिरल्यासारखं तिला झालं होतं. तिने यंत्राचा प्रोग्राम उघडला. उणापुरा दोनशे ओळींचा. ती मोठ्याने वाचू लागली आणि बाकीचे सगळे इंजिनिअर तिच्या खुर्चीवर ओणवे झाले.

"हे बघा, इथे चक्र फिरवायचं. इथे एकच शब्द फाईलमध्ये लिहीत राहायचा, दिवसाला साधारण सत्त्याण्णव जीबी. आणि ही ओळ ऐका! तीन कळा एकदम दाबल्या की फाईल रिकामी करायची!"

"लाल कापडाखालच्या तीन कळा," जयतीर्थ सर हळूच म्हणाले.

"आता भागाकार करा पाहू," मेष्ट्रू वर्गात शिरल्यासारखे म्हणाले. "बाकीच्यांकडे भरायला साडेआठशेच्या वर जागा. सत्त्याण्णवने भागा."

"नऊ दिवस!" सगळे एका सुरात ओरडले.

"आणि हिच्याकडे पाचशे साठ."

"सहा! सहावा दिवस!"

"झाला तुमचा पितृदोष," मेष्ट्रू म्हणाले. "भागाकार होता तो."

स्वामींना एव्हाना कंठ फुटला होता. "मूर्खांनो, कळांत काय आहे? शक्ती माझ्या स्पर्शात आहे! दीक्षा नसलेल्या हाताने..."

"पुट्टम्मा, इकडे या," नागवेणी म्हणाली. "दीक्षा घेतलीय तुम्ही?"

"कसली गं? मी सकाळपासून कप धुतेय."

"मग इथे, इथे आणि इथे बोट ठेवा. दाबा."

पुट्टम्मांनी पदराला हात पुसले आणि दाबलं. घंटा नाही, चंदन नाही, मंत्र नाही. लाल पट्टी सर्रकन मागे सरली आणि पाचशे साठ जीबी मोकळे झाले. पुट्टम्मा स्वतःच दचकल्या. मग ऑफिसात जो धुमाकूळ सुरू झाला त्याला तोड नव्हती. जो तो आपापल्या टेबलाकडे पळाला. एकाने नाकाने कळा दाबल्या, एकाने मद्दूर वड्याने. कुणी पेल्यावर चमचा वाजवून "अक्षयमस्तु!" म्हणे आणि बाकीचे हसून लोळत. जयतीर्थ सरांनी पोलिसांना फोन लावला, तेव्हा मात्र स्वामींची पावलं दाराकडे वळली.

"यंत्राची नवी आवृत्ती येतेय," जाता जाता ते कुजबुजले. "त्यात हा दोष नाही."

गलबला ओसरल्यावर बोरेगौडा तेवढा खांबाला टेकून उभा राहिलेला दिसला. त्याचे डोळे भरले होते. "मॅडम, तुमची कॉपी मी काढून टाकली. माझ्या या हाताने. मी मनापासून केलं होतं हो सगळं."

नागवेणीला त्याचा राग यायला हवा होता, पण आला नाही. जिन्यातलं आपलं रडणं तिला आठवलं, आणि आपणही दोन महिने गप्प होतो हेही आठवलं.

"तुझी भक्ती खरी होती रे," मेष्ट्रू म्हणाले. "म्हणून तर त्याला तिच्यावर दुकान थाटता आलं. मोजू नको म्हणाला, तिथेच विचारायचं होतंस, का नको?"

बोरेगौडाने डोळे पुसले, बाहेरची डिस्क आपल्या हाताने जोडली आणि सिद्दव्वाच्या दोन कॉपी काढल्या. प्रत्येकीची बेरीज त्याने तीनदा करून पाहिली.

सोमवारी शाळेत सिद्दव्वाने एका स्पीकरच्या डब्यातून मुलांना एका कोल्ह्याची गोष्ट वाचून दाखवली. मुलं आधी खिदळली, मग एकजण म्हणाला, "आजीला आत गरम होत नाही का?" दुसऱ्याने "नमस्कार, आजी" म्हणत डब्याला हात जोडले. तिसरी म्हणाली, ही देवी आहे, हिला ओवाळायला हवं.

नागवेणीला भरून आलं होतं. आज मुलांना असंच वाटू द्यावं, काय बिघडलं, असं तिच्या मनात येऊन गेलं. पण मेष्ट्रूंनी टेबलावर टकटक केली.

"कुणी हात जोडायचे नाहीत," ते म्हणाले. "आजी आत नाही. आजी वारली. ती चांगली बाई होती, आणि ती बोलत असताना या ताईने तिचा शब्द न् शब्द साठवून ठेवला. आता पुस्तकातलं अक्षर दिलं की त्या साठ्यातून आवाज जुळवून बाहेर येतो. हे माणसांनी केलंय. तुम्हीही उद्या कराल. जो कुणी चमत्कार म्हणून काही दाखवेल, त्याला विचारायचं, आत काय आहे? आणि जो म्हणेल उघडून बघू नका, त्याच्यापासून आपला खिसा आणि डोकं दोन्ही सांभाळायचं. मग तो स्वामी असो, नाहीतर मी असो."

मग ओवाळायला निघालेल्या मुलीने डब्यावरून बोटं फिरवत कडेचे स्क्रू चाचपले.

"मग दाखवा की उघडून," ती म्हणाली.

नागवेणी हसली आणि पिशवीत पेचकस शोधू लागली.