माझ्या पायाची पहिली चिठ्ठी

मी एक जुने वनघुबड आहे. पण वनघुबडांतल्या नेमक्या कोणत्या जातीचे, ते काही ठरत नाही. संग्रहालयातल्या सतराव्या खणात मी उताणे पडून असते. पोटात कापूस, डोळ्यांच्या जागीही कापूसच. तरी मित्रांनो, खण सरकला की नसलेला जीव खाली-वर होतो.

मी गाडीला धडकून मेले. त्याआधी एक वनरक्षक रोज संध्याकाळी माझी हाक ऐकत असे. माझ्या कातडीत कापूस भरणाऱ्या कारागिराने त्याला विचारून पहिली चिठ्ठी लिहिली: जागा, तारीख आणि ‘हाक एकच, लांब, थरथरती’. माझी बोटे नाजूक, म्हणून चिठ्ठी त्याने वर, मांडीच्या पिसांत बांधली.

मग विद्वान येत गेले. गोल डोके, शिंगांसारखे तुरे नाहीत, काळे डोळे, म्हणजे वनघुबड, एवढ्यावर सर्वांचे एकमत. पुढे एकाने पोटावरच्या रेघा मोजून जात ठरवली, दुसऱ्याने पंख मोजून ती खोडली. दर वेळी बोटाला नवी चिठ्ठी आणि मुक्काम नव्या खणात. स्वस्थता कशी ती नाहीच.

गेल्या महिन्यात नवी सहायक आली. टापटिपीची भारी हौस.

“एका पायाला पाच चिठ्ठ्या? घुबड आहे की टपालाचं पार्सल?” असे म्हणत तिने शेवटची ठेवून चार कापल्या. कचराही लगेच गेला.

सोमवारी संग्रहपाल बाई यादी घेऊन आल्या. जे कुठे सापडले याची नोंद नाही, ते नमुने जाळायचे होते.

“यावर नुसतं नाव आहे. याच्या जुन्या चिठ्ठ्या कुठे गं?”

“चुकीच्या होत्या ना, बाई. कापल्या.”

“अगं, चुकीचं नाव होतं, जागा नव्हती चुकीची. आणि या जाती दिसायला सारख्या, हाकेवरून ओळखायच्या. आता हे ओरडून दाखवणार आहे का?”

सहायकेचा चेहरा उतरला. बाईंनी मला टाकायच्या पेटीत ठेवले. ती मात्र हलेना. तिने मला परत उचलले आणि चिमट्याने एकेक पीस बाजूला करू लागली. मांडीपाशी चिमटा अडला.

“बाई, इथे दोरा आहे.”

बाईंनी भिंग लावून त्या पहिल्या चिठ्ठीवरची पेन्सिलीची ओळ दोनदा वाचली. मग नवी चिठ्ठी लिहिली. नावापुढे लिहिले, ‘बहुधा’.

म्हणजे मी अजून अधांतरीच. उद्या कोणी तेही खोडेल. खोडू दे. मित्रांनो, नवे कळले की जरूर लिहा. फक्त आधीचा दोरा कापू नका.