खाली सही करणार

"एवढं काय वाचतोस? कर सही आणि मोकळा हो," सेक्रेटरी म्हणाले.

थेंब्या वाचत राहिला. मातीतल्या मोटरसायकल शर्यतींच्या त्या क्लबात तो बावीस वर्षं मेकॅनिक होता. ब्रेकमधली हवा काढताना शेवटचा बुडबुडा निघेपर्यंत थेंबन्‌थेंब बघत बसायचा, म्हणून हे नाव. कागदावर छापलं होतं :

*मी, खाली सही करणार, कबूल करतो की शुक्रवारी गाडीचे ब्रेक नीट न तपासता*

खोटं. शुक्रवारी त्याने पुढच्या ब्रेकचं काळपट झालेलं सगळं ऑइल काढून नवं भरलं होतं. हँडलवरचा ब्रेकचा लिव्हर दगडासारखा लागेपर्यंत गाडीजवळून उठला नव्हता. रविवारी अध्यक्षांचा भाचा तीच गाडी घेऊन पहिल्याच वळणावर कुंपणात घुसला. खांद्याचं हाड मोडलं. लिव्हर पार मुठीला टेकला, असं तो म्हणाला.

*ती शर्यतीसाठी दिली, व त्यामुळे अपघात*

"साहेब, ग्लासभर पाणी घेऊन खाली चला."

"तहान लागली का?"

"मला नाही. या कागदाला."

खाली वर्कशॉपमध्ये थेंब्याने लिव्हरवरच्या ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडलं. आतलं रबर फुगून वेडंवाकडं झालं होतं. नव्या बाटलीतला एक थेंब त्याने पाण्यात सोडला. विरघळला. मग डबीतला सोडला. तो तवंग होऊन वर तरंगत राहिला.

"ब्रेक ऑइल पाण्यात मिसळतं. हे इंजिनचं आहे. शुक्रवारनंतर कुणीतरी ओतलंय. रबर फुगलं, दाब गेला."

दारात भाचा उभा होता, उजवा हात गळ्यात बांधलेला.

"डबी काठोकाठ नव्हती," तो पुटपुटला. "मला वाटलं, काका, तुम्ही चिंगूसपणा केलात. शेल्फवरची बाटली घेतली..."

"गाढवा, खुणेपर्यंतच भरतात! गरम झालं की फुगायला जागा नको?" थेंब्या भडकला.

सेक्रेटरींनी ग्लास उचलला आणि शांतपणे खिडकीबाहेर ओतला.

"अध्यक्षांच्या घरचा मामला आहे. तू सही कर, नोकरी राहील. माझा शब्द."

"आणि नाही केली तर?"

"तर उद्यापासून येऊ नकोस."

*हा सर्वस्वी माझा निष्काळजीपणा*

निष्काळजीपणा! बायको म्हणायची, पोरीला ताप होता तेव्हा थर्मामीटरकडे इतकं टक लावून बघितलं नाहीत. बावीस वर्षांत त्याच्या हातून गेलेल्या एकाही गाडीचा ब्रेक फसला नव्हता. आणि या माणसाने, ज्याला स्वतःच्या सायकलची चेन बसवता येत नव्हती, तो शब्द टाइप करून आणला होता. वर शुद्धलेखन तपासून!

थेंब्याने कागदाची चौघडी केली आणि पुढच्या चाकाजवळ, ब्रेकच्या खाली ठेवली. गळणारे थेंब टिपायला.

"हे काय करतोस?"

"गाडीला ब्रेक नाहीत, साहेब. अशी सोडून जाणार नाही."

सेक्रेटरी पाय आपटत वर गेले.

त्याने सगळी रबरं बदलली, नळी बदलली, नवं ऑइल भरलं. आता लिव्हर दाबायला माणूस हवा होता. त्याने भाच्याकडे पाहिलं.

"ये. डावा हात चालतो ना? दाब. धर."

ब्रेकमधली हवा काढायचा खालचा निपल उघडला. कागदावर बुडबुडे फुटले. निपल आवळला.

"सोड. परत दाब. धर. मी सांगितल्याशिवाय सोडायचं नाही. मध्येच सोडलास तर हवा आत जाते."

"हो काका."

दाब. धर. सोड. बराच वेळ दोघं तेवढंच बोलत होते.

"वर जाऊन मामाला सांगशील, ऑइल मीच ओतलं म्हणून?"

भाचा लिव्हरकडे बघत राहिला. "मामा टीममधून काढून टाकेल, काका."

"आणि मला काढतोय त्याचं काय?"

 बुडबुडे यायचे थांबले होते. आता नुसता स्वच्छ, पिवळसर थेंब.

"दाब," थेंब्या म्हणाला. "धर."

त्याने निपल शेवटचा आवळला. पाने पुसून ओळीने लावले. कोपरापर्यंत हात धुतले, शर्टाच्या बाह्या खाली केल्या, बटणं लावली आणि दाराबाहेर पडला.

"काका?" मागून आवाज आला. "सोडू का?"

मैदान ओलांडून तो फाटकाशी पोचला, तेव्हाही भाचा लिव्हर दाबून तसाच उभा होता.