माझे सांधे शाबूत होते

मित्रांनो, मी एक फुटका फिश टँक आहे. नाशिकच्या पाथर्डी फाट्यावर एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये मला भिंतीला टेकवून ठेवलं आहे. माझी पुढची काच आता नाही. जाणारे-येणारे माझ्याकडे बघून म्हणतात, 'टँक गळला वाटतं.' ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. मी गळलो नाही. मला कोणी गळका म्हटलेलं मी खपवून घेणार नाही, म्हणून आज बोलायला बसलो आहे.

माझा जन्म सिडकोतल्या एका छोट्या दुकानात झाला. समर्थ नावाच्या कारागिराने जाड काच कापली, कडा घासल्या आणि सिलिकॉन भरून माझे सांधे जोडले. मग त्याने मला काठोकाठ भरून ठेवलं आणि खाली वर्तमानपत्र अंथरलं. कागद कोरडाच राहिला. समर्थने माझ्या पाठीवर थाप मारली. त्या थापेचा मला फार अभिमान वाटला होता.

मला विकत घेतलं हर्षलने. विंचूरच्या बाजारात त्याचा कांद्याचा व्यापार. तिसऱ्या मजल्यावर त्याचा नवा फ्लॅट होता. घरात त्याची बायको दीपमाला, दुसरीत शिकणारी मुलगी वेदिका आणि आई सखुबाई. वास्तुशांतीला आलेल्या कोणीतरी सांगितलं होतं, की ईशान्येच्या कोपऱ्यात मासे ठेवा, बरेचसे सोनेरी आणि एक काळा. मासा मेला तर समजायचं की घरावरचं संकट त्याने अंगावर घेतलं. सखुबाईंना हे फार पटलं. सुरुवातीला माझे लाड झाले. पाहुणे आले की आधी मला बघायचे. वेदिका शाळेतून आली की दप्तरासकट माझ्यापुढे बसायची आणि काचेला नाक लावायची.

मग हर्षलचा हात चालू लागला.

मित्रांनो, हे मी तुम्हाला गोड करून सांगणार नाही. काचेला पापण्या नसतात, त्यामुळे मला सगळं दिसलं. बाजारात भाव पडला की तो दीपमालाला मारायचा. भाव चढला आणि त्याने माल आधीच विकलेला असला, तरी मारायचा. केस धरून तो तिला ओढायचा आणि ती माझ्या स्टँडवर आदळायची. आतलं पाणी हिंदकळायचं, मासे काचांवर आपटायचे. त्या झटापटीत हवेच्या पंपाची पिन निघून यायची आणि कोणाच्या लक्षातही यायचं नाही. दुसऱ्या दिवशी एखादा मासा पोट वर करून तरंगत असायचा.

सखुबाई तो मासा पानावर घेऊन गोदावरीत सोडून यायच्या. आल्यावर हात जोडून म्हणायच्या, "बला गेली. लय मोठं कायतरी टळलं बघ, दीपे." दीपमालाचा ओठ सुजलेला असायचा. ती मान हलवायची आणि हर्षल नवा मासा आणायचा. मला तेव्हा सखुबाईंचा इतका राग यायचा, की मला तोंड असतं तर मी बोललो असतो. संकट माझ्या पाण्यात कधी उतरलंच नव्हतं. ते सोफ्यावर बसून टीव्ही बघत असायचं.

त्या रविवारी दुपारी हर्षल एका व्यापाऱ्याला टाळत होता. त्या व्यापाऱ्याने दीपमालाच्या फोनवर फोन केला आणि ती सरळपणे बोलून गेली, "हो, घरीच आहेत, देऊ का?" एवढंच निमित्त झालं. हर्षल स्वयंपाकघरात गेला आणि पितळी बत्ता घेऊन बाहेर आला. दीपमाला माझ्यासमोर उभी होती. त्याने नेम धरून तो तिच्या डोक्याकडे भिरकावला. ती वाकली.

बत्ता माझ्या छातीत बसला. आधी एक डाग उमटला, त्यातून चिरा पळाल्या आणि माझी पुढची काच फुटून बाहेर पडली. सगळं पाणी एकदम सुटलं. खाली फरशीवर वेदिका चित्र रंगवत होती. पाण्याच्या लोंढ्याने ती मागे फेकली गेली आणि उठायच्या धडपडीत तिचा पाय काचेवर पडला. पाणी लाल झालं. मासे फरशीवर उड्या मारत होते आणि कल्ले उघडून मिटत होते. त्यांना उचलायला कोणाला सवड नव्हती. दीपमाला वेदिकाचा पाय ओढणीने घट्ट आवळत होती. हर्षल ओरडतच होता, "बघितलंस काय केलंस ते?" मासे एकेक करून थांबले. ज्यांना मी सांभाळायचं त्यांना मी माझ्या डोळ्यांदेखत मरताना पाहिलं, आणि ते दुःख अजून गेलेलं नाही.

पाणी खालच्या सावळीराम काकांच्या छतात उतरलं. त्यांच्या हॉलचं पीओपी पंख्यासकट खाली आलं. ते वर येऊन दार बडवू लागले. "माझ्या नातवाच्या डोक्यात पडलं असतं म्हणजे? केस टाकतो मी. फ्लॅट कोणाच्या नावावर आहे?"

फ्लॅट दीपमालाच्या नावावर होता. बाईच्या नावाने घर घेतलं की मुद्रांक शुल्कात सवलत मिळते, म्हणून हर्षलने तो हिशेबाने तिच्या नावावर घेतला होता. त्यामुळे बँकेने कर्जासोबत गळ्यात मारलेला घराचा विमाही तिच्याच नावावर होता. तोवर त्या घरात तिच्या नावाला किंमत म्हणून नव्हती. आता हर्षलला तिच्या तोंडचे शब्द हवे होते.

विमा कंपनीने फोनवर सांगितलं, की फोटो काढा आणि सर्व्हेअर बघून जाईपर्यंत काहीही फेकू नका. सखुबाई म्हणाल्या, "फुटकी काच घरात ठेवत नाय. बाहेर काढ ते भूत." पण हर्षलने मला हात लावू दिला नाही. बत्ता मात्र त्याने धुऊन माळ्यावर टाकला. मग तो दीपमालाला समोर बसवून शिकवू लागला. "हळूहळू गळत होता असं म्हणायचं नाही, ते विम्यात बसत नाही. दुपारी अचानक सांधा सुटला असं म्हणायचं. म्हण बघू." ती म्हणायची, "अचानक सांधा सुटला." एकदा ती अडखळली, तर त्याने तिचा दंड असा पिळला की ती मटकन खाली बसली. क्लेम नाही मिळाला तर सावळीराम काका तिलाच कोर्टात खेचतील, हे त्याने तिला पुन्हापुन्हा ऐकवलं. ती हो म्हणाली. मला तिचा राग आला नाही, मित्रांनो. भीती काय असते ते मी त्या कोपऱ्यातून रोज पाहिलं होतं.

सर्व्हेअर म्हणून आल्या सरिता मॅडम. त्यांनी फुगलेलं फर्निचर पाहिलं, खाली जाऊन छत पाहिलं आणि मग माझ्यापुढे उकिडव्या बसल्या. मोबाइलचा टॉर्च लावून त्यांनी माझ्या सांध्यांवरून बोट फिरवलं.

"अचानक सांधा सुटला," दीपमाला म्हणाली.

"ताई, सांधे सगळे शाबूत आहेत," सरिता मॅडम म्हणाल्या. "काच मधोमध फुटलीय, कडेचे तुकडे अजून सांध्यांत घट्ट आहेत. बाहेरून काहीतरी जोरात लागलंय. काय लागलं?"

"चहा आणते," म्हणत दीपमाला आत वळली. हर्षल मात्र जराही गडबडला नाही. तो हसला. "आता लपवून काय उपयोग, मॅडम. आमच्या पोरीनं फोडला. घरात बॅट फिरवत होती. लहान आहे, म्हणून तिचं नाव घेतलं नाही. विचारा ना तिला."

वेदिका पायाला पट्टी बांधून सोफ्यावर बसली होती. तिने बापाकडे पाहिलं. त्याने फक्त मान तिरकी केली.

"हो," वेदिका म्हणाली. "मीच फोडला. सॉरी."

मित्रांनो, बत्ता लागला तेव्हा मी एकदाच फुटलो होतो. ते लेकरू 'सॉरी' म्हणालं, तेव्हा माझं जे काही उरलं होतं तेही हललं.

दीपमाला चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली होती. तिने तो टेबलावर ठेवला. "तिनं नाही फोडला," ती म्हणाली. "ह्यांनी बत्ता मारला. मला मारला होता. मी वाकले म्हणून तो टँकला लागला."

हर्षल उठला आणि परक्या माणसादेखत त्याने तिच्या कानशिलात मारली. तिच्या धक्क्याने टेबलावरचा ट्रे उडाला. गरम चहा तिच्या हातावर सांडला. त्याने तिचा गळा धरला आणि तिला भिंतीवर आदळलं. सरिता मॅडमनी त्याचा सदरा मागून ओढला, वेदिका किंचाळली, आणि तो आवाज ऐकून सावळीराम काका वर धावत आले. केस टाकायला निघालेल्या त्या म्हाताऱ्याने हर्षलला कमरेला मिठी मारून मागे खेचलं. सरिता मॅडमनी पोलिसांना फोन लावला.

पोलीस येईपर्यंत सावळीराम काकांनी हर्षलला धरून ठेवलं. तेवढ्यात सरिता मॅडम म्हणाल्या, "ताई, घरच्या माणसानं मुद्दाम फोडलेलं विम्यात बसत नाही. हा क्लेम नामंजूर होईल."

"होऊ द्या," दीपमाला म्हणाली. तिने दुखरा गळा चोळला. "जे झालं तेच लिहा." मग ती हर्षलकडे वळली. "हे घर माझ्या नावावर आहे. तुम्ही परत इथे यायचं नाही."

पोलीस हर्षलला घेऊन गेले. सखुबाई पिशवी भरून विंचूरला निघाल्या. जाताना दारात म्हणाल्या, "तू गप राहिली असतीस तर समदं टळलं असतं." दीपमालाने त्यांना लिफ्टपर्यंत सोडलं आणि दार लावून घेतलं. विमा मिळाला नाही आणि मला खाली पार्किंगमध्ये आणून ठेवलं. छत दुरुस्त करून देईन, पण सवडीने, असं तिने सावळीराम काकांना सांगितलं. ते कुरकुरत तयार झाले आणि अजूनही कुरकुरतात.

मित्रांनो, काचेच्या वस्तू जपून वापरा, हे तुम्हाला सगळेच सांगतात. मी वेगळं सांगतो. तुम्ही न फोडलेली वस्तू 'मीच फोडली' असं म्हणायला कोणी लावलं, मग तो बाप का असेना, तर म्हणू नका. तिथे बोलायची भीती वाटली, तर शेजाऱ्यांना सांगा, शाळेतल्या बाईंना सांगा, ऐकणारं माणूस सापडेपर्यंत सांगत राहा. घरातल्या काचा नंतरही बदलता येतात. आधी माणूस जपा.

आज सकाळी भंगारवाला आला आहे. दीपमाला आणि वेदिका खाली उतरल्या आहेत. वेदिका अजून जराशी लंगडते. भंगारवाल्याने मला उचलून, वळवून पाहिलं.

"गळला का हा?" त्याने विचारलं.

"नाही, गळला नाही," वेदिका म्हणाली. "पप्पांनी फोडला."