बाजारच्या दिवशी पाणी पिणारी बाई

रविवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी भाजीविक्रेत्या कौशल्याबाई वांग्यांवर ओलं पोतं टाकून उठल्या आणि सरपंच जानराव यांच्या घरी लघवीला गेल्या. बारापर्यंत त्या आणखी दोनदा गेल्या.

बुलडाणा जिल्ह्यात, धाडच्या बाजूच्या या गावात बाजार रविवारी भरतो. बाजारात महिलांसाठी स्वच्छतागृह आहे. फरशी नवी, दारावर फुलांचं चित्र. किल्ली ग्रामपंचायतीच्या कपाटात असते आणि ग्रामपंचायतीला रविवारी सुट्टी असते. उरलेले सहा दिवस, बाजार नसताना, सोय उत्तम आहे.

त्यामुळे विकणाऱ्या बाया रविवारी पाणीच पीत नाहीत. कौशल्याबाईंनी हा नियम बारा वर्षं पाळला. महिन्यापासून त्यांना तासात तीनदा लागू लागलं. जावं तर थेंबभर, तेही जळजळत. ओटीपोटातलं दुखणं वेगळं. शेजारी बसणाऱ्या रुखमाबाईंनी साखरेचा आजार सांगितला. जावेनं उन्हाळी ठरवली. नवरा भगवंतराव यांनी चहा बंद केला, बायकोचा.

आरोग्य केंद्रातल्या डॉ. समीक्षा यांनी तपासणी केली. साखर नव्हती, लघवीत जंतू होते.

"गोळ्या पूर्ण घ्या, भरपूर पाणी प्या, लघवी अडवू नका. थंडी-ताप आला, कमरेच्या वर दुखलं, तर किडनीपर्यंत गेलं समजा. लगेच या."

"रविवारीबी पेऊ पाणी?"

"रविवारी काय असतं?" डॉक्टर नागपूरच्या होत्या.

त्या रविवारी कौशल्याबाई तिसऱ्यांदा आल्या तेव्हा जानराव ओसरीवर पेपर वाचत होते.

"वहिनी, बाजारात बांधून देलं ना आमी. इकडं काऊन?"

"त्याले कुलूप हाय, भाऊ. तुमच्या घराले नाही."

कौशल्याबाईंचं पाहून एक वाजता ओसरीवर बाजारातल्या नऊ जणी होत्या, प्रत्येकीच्या हातात पाण्याची बाटली. जानरावांनी शिपाई रामराव यांना फोन लावला. रामराव उंद्रीला साखरपुड्यात जेवत होते. कपाटाची किल्ली ग्रामसेवकांकडे आहे, असं त्यांनी जेवता जेवता सांगितलं. ग्रामसेवक बुलडाण्याला राहतात. फोन बंद होता.

"मंग तोडा कुलूप," रुखमाबाई म्हणाल्या.

"सरकारी कुलूप हाय, बाई. ठराव लागते."

"आन् आमाले लागली त्याचा ठराव कोन घेईन?"

जानरावांनी पेपरचं पान उलटलं.

चार वाजेपर्यंत कुलूप शाबूत होतं. मासिक सभा पुढच्या महिन्यात आहे. कौशल्याबाई बाराव्यांदा रांगेत होत्या, पुढे चार जणी. भर उन्हात त्यांनी पदर अंगाभोवती गच्च गुंडाळला होता आणि उजवा हात कमरेच्या वर दाबून धरला होता.