भाचीवर हात उचलायचा नसतो

आमच्या घरात मला सकाळ-संध्याकाळ मार पडतो, हे नवागाममधल्या आमच्या अख्ख्या गल्लीला माहीत आहे. खालच्या खोलीत नवीन बिऱ्हाड आलं, तेव्हा त्या घरच्या शांताबाई दुसऱ्याच दिवशी तरातरा जिना चढून वर आल्या. मी उशीवर आडवी पडलेली आणि आई माझ्या पाठीवर दणादण हात चालवतेय, हे बघून त्या दारातूनच ओरडल्या, "काय वं, जीव लेशी का पोरना?"

आईने हात थांबवला नाही. "तिना जीव ऱ्हावाले जोयजे म्हनीसन मारस मी," ती म्हणाली. मग मलाच उठून त्यांना सगळं सांगावं लागलं. तोपर्यंत त्यांनी माझ्यासाठी पदराने डोळेसुद्धा पुसून घेतले होते.

माझ्या आजाराचं नाव सिस्टिक फायब्रोसिस. तो जन्मापासूनचा आहे, कुणाला लागत नाही, आणि जातही नाही. तुमच्या छातीतला कफ पातळ असतो, तुमच्या नकळत निघून जातो. माझा डिंकासारखा घट्ट. तो आत चिकटून बसला की तिथे जंतू घर करतात, ताप भरतो, आणि फुप्फुसाचा तेवढा भाग हळूहळू कामातून जातो. म्हणून तो रोज बाहेर काढायचा. दिवाळी असो, परीक्षा असो, माझा मूड असो वा नसो. आधी मशीनमधून मिठाच्या पाण्याची वाफ घ्यायची म्हणजे कफ जरा सैल होतो. मग कुशीवर झोपायचं आणि दुसऱ्याने बरगड्यांवर ठोकायचं. हात सपाट नाही, ओंजळीत पाणी धरल्यासारखा खोलगट. मग मी तोंड उघडून, आरशावर वाफ धरतात तसा, "हाऽऽ" करून श्वास बाहेर फेकते, खोकते, आणि जे येईल ते वाडग्यात. ऐकायला घाण वाटतं ना? मला तर कधीकधी त्याचा अभिमान वाटतो. मोठा बेडका निघाला की आई माझ्याकडे अशी बघते, जशी शेजारची योगिता पहिली आल्यावर तिची आई बघते.

श्वासाचे व्यायाम माझे मी करते. बाटलीतल्या पाण्यात नळीने बुडबुडे काढते. पण डाव्या बाजूला, पाठीमागे, अगदी खाली एक कोपरा आहे, तो माझ्यासारखाच हट्टी आहे. बाहेरून कुणी हलवल्याशिवाय तिथलं काही सुटत नाही. ते काम आईचं. दिवसभर घरी बसून साड्यांना खडे चिकटवणारे तिचे हात, पण माझ्या पाठीवर पडले की ढोलकीसारखा पोकळ, गोल आवाज यायचा. आवाज पोकळ आला म्हणजे हात बरोबर पडला. दुखत नाही. खरंच नाही.

तर ही आई एके दिवशी नळावरून हंडा घेऊन येताना जिन्यात घसरली आणि उजवं मनगट मोडून बसली. प्लास्टर कोपरापर्यंत. दवाखान्यातून परत येताना रिक्षात तिला दुखत होतं म्हणून ती रडतेय असं मला वाटलं. ती म्हणाली, "धनश्री, तुनी पाठ आते कोन ठोकी?"

पप्पा ट्रक चालवतात. कापडाच्या गठड्या घेऊन गेले की दिवसच्या दिवस बाहेर. डाव्या हाताने आईने करून पाहिलं, पण तो हात चपात्या उलटण्यापुरताच कामाचा. राहिला धुडकूमामा. तो मागच्याच गल्लीत एकटा राहतो.

माझ्या मामाविषयी दोन गोष्टी सांगायला हव्यात. एक, तो लूमवर तारा, म्हणजे धागे, जोडतो. मागावरचा ताणा संपला की जुन्या तारांच्या टोकांना नव्या तारा एकेक करून बांधायच्या, केसाहून बारीक, हजारांनी. अंगठा आणि बोट जरा वळलं की गाठ बसलेली असते, आपल्याला दिसतसुद्धा नाही. पार लांबच्या कडोदऱ्यापासून कारखानेवाले त्याला बोलवायला येतात. दुसरी गोष्ट, इतकी वर्षं त्या खडखडाटात काढून त्याचे कान गेले आहेत. पुरते नाही, पण समोर उभं राहून, तोंड दाखवून बोललं तरच त्याला कळतं.

आईने त्याला समोर बसवलं. "धुडकू, रोज सकायले आनि संध्याकायले ये. पोरनी पाठ तुलेच ठोकनी पडी."

मामाचा चेहरा एकदम उतरला. "आक्का, दुसरं काहीबी सांग. पानी भरस, सयपाक करस. ती मनी भाची शे."

"भाची शे म्हनीसनच तुले सांगस ना!"

आमच्यात मामा भाचीच्या पाया पडतो. तो पन्नाशीचा आणि मी नववीतली, तरी घरात आला की आधी वाकून माझ्या पायांना हात लावणार, मग चहा. मी लहानपणी याचा फार फायदा घेतला आहे. आणि भाच्या-भाचीवर हात उचलला तर मामाचे हात कापायला लागतात, हे आमच्यातलं शेंबडं पोरही सांगेल. मामाच्या लहानपणी गावात एक म्हातारा होता, त्याच्या हातातला चहा बशीत कमी आणि धोतरावर जास्त सांडायचा. त्याने तरुणपणी भाच्याच्या कानाखाली वाजवली होती म्हणे. मामाने तो म्हातारा पाहिलेला. आणि ज्याचं पोटच बोटांवर चालतं, त्याला हे सांगून काय उपयोग की असं काही नसतं. मी सांगितलं, विज्ञानाचं पुस्तक दाखवलं. त्याने पुस्तकाला नमस्कार केला.

तरी तो आला. आईचं ऐकलं नाही असं त्याने आयुष्यात केलेलं नाही. सकाळी उजाडताच यायचा, पाया पडायचा, आणि माझ्या पाठीवर हात ठेवायचा. ठेवायचाच. तान्ह्या बाळाला झोपवतात तसं थोपटायचा.

"मामा, जोरमा मार ना!" मी मान वळवून सांगायची.

"हां, हां, माय." दोन हात जरा बरे पडायचे, तिसरा पुन्हा मऊ. एकदा मला खरंच डोळा लागला, तर हा आईला कौतुकाने सांगतो, "देख आक्का, कशी झोपी गयी!" आईने रिकामं वाडगं त्याच्यापुढे आपटलं. मला तर असा राग यायचा! मी काय पाळण्यातली आहे? पण त्याच्या तोंडाकडे पाहिलं की मी पुन्हा भिंतीकडे तोंड करायची. तो थोपटताना डोळे मिटून पुटपुटत असायचा. देवाची माफी मागत असावा.

आठवडा सरता सरता माझा खोकला बदलला. आतून ओला, जड. शाळेचा जिना चढताना मध्येच बसावं लागलं. मग ताप आला. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, तर डावीकडे खाली पांढरा डाग. त्यांनी औषधं बदलून दिली आणि आईला स्पष्ट सांगितलं की नुसत्या औषधाने भागणार नाही, आतलं निघालं पाहिजे. दोन-तीन दिवसांत फरक पडला नाही तर भरती करावं लागेल, आणि तो कोपरा एकदा गेला तर परत येणार नाही. प्लास्टरच्या हाताने आईने माझा हात दाबून धरला होता, आणि तो तिलाच दुखत असणार.

दवाखान्यातच खालच्या मजल्यावर नीलमबेन बसतात. माझ्या श्वासाच्या बाई. मी लहान असल्यापासून त्यांनीच आईला ठोकायला शिकवलं. मामाही बरोबर आला होता. आईने त्याला पुढे ढकललं. "हाऊच करस आते."

"चलो मामा, करके दिखाओ," नीलमबेन म्हणाल्या. त्यांना वाटलं, नवीन माणूस आहे, हात शिकवावा लागेल. मामाने घाबरत घाबरत दाखवलं. त्या हसल्या नाहीत. त्याच्या समोर येऊन सावकाश म्हणाल्या, "बहुत प्यार से करते हो. पर कफ को प्यार समझ में नहीं आता, मामा."

मामाने दोन्ही हात शर्टाखाली लपवले. तेव्हा आईचा बांध फुटला. तिने सगळं सांगितलं, मामा-भाची, चहा सांडणारा म्हातारा, तारा, सगळं, आणि शेवटी मामाकडे वळून म्हणाली, "तुना हात वाची जातीन रे भो. मनी पोर वाची का?"

हे त्याला ऐकू गेलं. आई समोरच उभी होती.

नीलमबेननी आईला बसवलं. मामाला काही समजावत बसल्या नाहीत. त्याचा उजवा हात शर्टाखालून काढला, माझ्या पाठीवर डावीकडे अगदी खाली नेऊन सपाट ठेवला, आणि मला म्हणाल्या, "हां बेटा, मुँह खोल के लंबी साँस छोड़."

मी सोडला. आत नेहमीचं सुरू झालं. घरर्, खर्र, घरर्. मला त्याची इतकी सवय आहे की मी ते ऐकतही नाही. आई भिंतीपलीकडून ऐकते. पण मामाचा हात माझ्या पाठीवर एकदम ताठ झाला.

मागाचं काही बिघडलं की मामा त्याच्या लोखंडी अंगावर तळहात ठेवतो. कानाने कळत नाही, म्हणून हाताने बघतो. तसाच तो हात माझ्या पाठीवर थांबला. "आजून एक डाव," तो म्हणाला. मी पुन्हा श्वास सोडला. पुन्हा घरर्.

"आक्का," तो वळून म्हणाला, "हाई रोज वाजस?"

"रोज वाजस."

"जलमपाशीन?"

आईने मान हलवली.

"माले कधी आयकूच नही उनं," मामा म्हणाला. इतकी वर्षं तो आमच्याकडे येत होता, माझ्याशेजारी बसून जेवत होता, आणि माझ्या छातीतली ही खरखर त्याला माहीतच नव्हती. त्याला वाटायचं, पोरगी जरा खोकते, बस. मला त्याची इतकी दया आली की इतक्या दिवसांचा राग कुठच्या कुठे गेला.

मग त्याने नीलमबेनसमोर दोन्ही हात धरले आणि म्हणाला, "शिकाडा."

त्यांनी शिकवलं. हात खोलगट कसा धरायचा, मनगट सैल कसं सोडायचं, कण्यावर आणि खाली किडनीवर ठोकायचं नाही, कपडा मध्ये असू द्यायचा. मग म्हणाल्या, ठोकून झालं की अजून एक करायचं. हात पसरून बरगडीवर ठेवायचा, आणि ती श्वास सोडत असेल तेवढा वेळ तो थरथरवायचा. श्वास संपला की थांबायचं. "हाथ ध्रुजाववानो, मामा. आम." त्या गुजरातीतच बोलून गेल्या, आणि त्यांनी स्वतःचा हात थरथरवून दाखवला.

मामा त्या हाताकडे बघतच राहिला. मी आणि आईने एकमेकींकडे पाहिलं. हसावं की काय करावं, कळेना.

"म्हंजे," त्याने हळूच विचारलं, "हात कापालेच जोयजेत?"

"कापायलाच पाहिजेत," मी त्याला तोंड दाखवून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तो उजाडायच्या आधीच दारात हजर. मी वाफ घेऊन होईपर्यंत भिंतीला टेकून बसून राहिला, नखं काढलेले हात मांडीवर. मग पुढे आला आणि माझ्या पायांवर डोकंच ठेवलं. रोजच्यासारखा नुसता हात नाही, डोकं.

"माय, आज मी तुले मारसू," तो म्हणाला. "माले माफ कर."

"मार, मामा," मी म्हणाले आणि कुशीवर झाले.

पहिला हात पडला. पोकळ, गोल आवाज, आईच्या हाताचा येतो तसाच, पण भारी. मग दुसरा, मग तिसरा, आणि मग त्याला लयच सापडली. ज्या हातांनी कधी डास मारला नसेल, ते माझ्या बरगड्यांवर धबाधब चालायला लागले. खालून शांताबाईंची हाक आली, "उषाबाई, हात बरा व्हयना का? कोन मारी राहिनं?"

"मामा!" आई ओरडली.

खाली एकदम शांतता. बिचाऱ्यांना चक्कर आली असेल.

मी उठून बसले, "हाऽऽ" केलं, एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा तो हट्टी कोपरा हलला. खोकला असा आला की डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि मग वाडग्यात पडला तो हिरवा, घट्ट, अंगठ्याएवढा गोळा. आईने वाडगं उजेडात धरून पाहिलं आणि ते खाली ठेवून डाव्या हाताने मला जवळ ओढून माझा मुका घेतला. मामाने मान वळवली नाही, तोंड वाकडं केलं नाही. तो म्हणाला, "आते दुसरं."

मी पुन्हा आडवी झाले. त्याने तळहात त्या कोपऱ्यावर सपाट ठेवला. मी श्वास घेतला. किती दिवसांनी हवा तिथपर्यंत पोचली होती, खालपर्यंत, थंडगार. मी सोडायला लागले आणि मामाचा हात थरथरायला लागला. शिकवल्यासारखा, बरोबर, बारीक. आतलं उरलंसुरलं त्याच्याबरोबर वर सरकताना मला कळत होतं.

माझा श्वास संपला. हात थांबायला हवा होता. तो थांबला नाही.

मी मान वळवून पाहिलं. मामाच्या गालांवरून पाणी वाहत होतं, त्याचे खांदे हलत होते, आणि दोन्ही हात कापत होते. ठेवलेला आणि न ठेवलेलाही.

"मामा, श्वास संपला," मी त्याला दिसेल असं म्हणाले.

"समजनं माले," तो म्हणाला. पण हात त्याचं ऐकत नव्हते, आणि ते बघून तो घाबरून गेला होता.

मी तोंड पुन्हा भिंतीकडे केलं. पोट फुगेपर्यंत मोठा श्वास घेतला, आणि त्याचे हात कापतील तोवर तो पुरायला हवा म्हणून सावकाश, अगदी सावकाश सोडत राहिले.